बाळीचं वजन आणि बाळीचे कागद: एका पाळीव कासवाचं प्रकरण

या प्रकरणातली माणसं, गाव आणि कासवाचं नाव बदललं आहे. वजनाचे आकडे मात्र घरच्या वहीत होते तसेच ठेवले आहेत, कारण सगळी गोष्ट त्या आकड्यांवरच उभी आहे.

पार्श्वभूमी

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरात पशुवैद्य आहे. दवाखान्यात येणारी बहुतेक कुत्री-मांजरं. अधूनमधून पोपट, ससे आणि गेल्या काही वर्षांत कासवं.

बाळीला घेऊन आलेलं कुटुंब चौघांचं. आजी, त्यांचा मुलगा, सून आणि नववीत शिकणारी नात. २०२१ मध्ये आजोबा गेले. त्यानंतर नात्यातल्या कुणीतरी सुचवलं की घरात कासव असावं, शुभ असतं. मुलाने शहरातल्याच एका पाळीव प्राण्यांच्या दुकानातून साडेसहा हजार रुपयांना तळहाताएवढं कासव आणलं. त्याने दुकानदाराला विचारलंही होतं, ‘हे पाळायला चालतं ना?’ उत्तर मिळालं, ‘हे फॉरेनचं आहे, भारतातलं नाही. बिल देतो.’ साध्या बिलबुकाच्या पानावर ‘सल्काटा बेबी, १ नग’ असं लिहून मिळालं. मुलाने ते पान फाइलमध्ये नीट लावून ठेवलं. फसवायचं कुणाच्याच मनात नव्हतं, हे आधीच सांगते.

घरात बाळीची सगळी व्यवस्था आजींकडे. सकाळी काकडी, टोमॅटो, भिजवलेले हरभरे, कधी पोळीचा तुकडा. दुपारी बाल्कनीत, रात्री खोक्यात. बाल्कनीला सरकत्या काचा होत्या आणि ऊन काचेतूनच यायचं. नातीला प्राण्यांचं वेड. तिने २०२४ च्या ऑगस्टपासून एक वही सुरू केली. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्लॅस्टिकचा डबा ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, बाळीला डब्यात बसवायचं आणि आकडा लिहायचा. दर रविवारी सकाळी, खायला घालायच्या आधी. इतक्या शिस्तीने वजन घेणारी मोठी माणसंही मी फार पाहिलेली नाहीत.

बाळी माझ्याकडे पहिल्यांदा ऑक्टोबरमध्ये आली, वाढलेली नखं कापायला. माझ्या नोंदीत त्या दिवशीचं वजन १२१८ ग्रॅम आहे. नखं कापली, हरभरे बंद करायला सांगितलं आणि पाठवलं.

अडचण

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आजी आणि नात पुन्हा आल्या. तक्रार अशी की बाळी खात नाही. जास्वंदीचं फूल तिचं सगळ्यांत आवडतं, तेही तीन दिवस तसंच पडून होतं. मी वही मागितली. ऑगस्टच्या अखेरीस ११९०. सप्टेंबरच्या अखेरीस १२०४. ऑक्टोबरात १२१८. नोव्हेंबरच्या मध्यावर १२६२. आणि त्या रविवारी १३१०.

नात म्हणाली, ‘मॅडम, वजन तर वाढतंय. म्हणजे तब्येत चांगलीच आहे ना?’

तिने त्याचा पुरावाही आणला होता. इंटरनेटवर शोधून तिने कासवाचं वजन आणि लांबी यांचा एक आलेख छापून घेतला होता. तो ब्रिटनमधला होता. तिथले पशुवैद्य ऑलिफंट जॅक्सन यांनी कवचाची सरळ लांबी आणि वजन यांची सांगड घालून कासव अशक्त आहे की धडधाकट, हे ताडायची पद्धत बसवली. ती आजही ‘जॅक्सन रेशो’ म्हणून ओळखली जाते. त्या आलेखावर बाळीचा ठिपका ‘उत्तम’च्याही वर पडत होता.

दुसरी अडचण कागदाची. तीही त्याच दिवशी पुढे आली, आणि तीही नातीमुळेच. त्या ब्रिटिश संकेतस्थळावर लिहिलं होतं की कासवाच्या अंगात मायक्रोचिप असावी आणि सोबत प्रमाणपत्र असावं. तिने बाबांना विचारलं. त्यांनी फाइल काढून दिली. फाइलमध्ये २०२१ चं बिल होतं आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच दुकानदाराने चार हजार रुपये घेऊन दिलेली एक छायाप्रत होती. ‘सरकारी नोंदणी’ म्हणून दिलेली. नातीने फाइल माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, ‘हे पुरेसं आहे का?’

वजन

आधी वजनाचं सांगते, कारण जीव आधी.

खाणं कमी आणि वजन जास्त. या दोन गोष्टी एकत्र आल्या की थांबून विचार करायचा. कासवाच्या वजनात मांस, हाडं आणि कवच असतात, तसंच मूत्राशयातलं पाणी, आतड्यातला चारा, खडा असेल तर खडा आणि मादी असेल तर अंडीही असतात. काट्याला यातला फरक कळत नाही. आंघोळ घालताना कासव भरपूर पाणी प्यालं तर वजन लगेच वाढतं आणि लघवी केली की उतरतं. म्हणून एका आकड्यावर विसंबायचं नाही. आठवड्यांचा ओघ बघायचा, आणि त्याहीपेक्षा हाताला काय लागतं ते बघायचं.

मी बाळीला माझ्या काट्यावर ठेवलं. १३०४ आले. घरच्या काट्यात आणि माझ्या काट्यात सहा ग्रॅमचा फरक, म्हणजे वही विश्वासार्ह होती. मग कवचाची लांबी. नातीने ती शिंप्याच्या टेपने पाठीच्या उंचवट्यावरून घेतली होती. तसं नाही चालत. पट्टीवर कासव ठेवून पुढे एक आणि मागे एक जाडं पुस्तक उभं करायचं आणि दोन पुस्तकांमधलं अंतर मोजायचं. सरळ लांबी साडेसतरा सेंटिमीटर भरली.

तो आलेख मात्र बाळीला लागूच होत नव्हता. जॅक्सन यांनी तो भूमध्य सागराच्या आसपासच्या, युरोपात पाळल्या जाणाऱ्या कासवांवरून तयार केला आहे. त्यांची पाठ बसकी. बाळीची पाठ उंच घुमटासारखी. लांबी तितकीच असली तरी घुमटात माल जास्त मावतो, त्यामुळे ठिपका वर जाणारच.

हाताने तपासल्यावर चित्र अगदी उलटं दिसलं. पुढच्या पायांच्या वरचा भाग भरीव लागायला हवा, तिथे कातडी सैल होती. डोळे किंचित आत गेलेले. पोटाकडच्या कवचाच्या कडा दाबल्यावर लवत होत्या, म्हणजे कॅल्शियम कमी. काचेतून आलेलं ऊन उबदार असतं, पण हाडांना लागणारे अतिनील-बी किरण साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. तीन वर्षं बाळी रोज उन्हात बसली, आणि त्या उन्हाचा तिच्या हाडांना उपयोग झाला नाही.

मी आजींना विचारलं, ‘आजी, गेल्या महिन्याभरात वेगळं काही करते का?’

त्या म्हणाल्या, ‘संध्याकाळी नाचते हो. मागच्या पायांनी फरशी खरवडत बसते. आम्ही हसतो तिला बघून.’

मला तिथेच उत्तर मिळालं. एक्स-रे काढला. पोटात चार अंडी होती. कवच पूर्ण तयार झालेली, एकसारखी, एकही फुटलेलं नाही. कमरेच्या हाडांतून बाहेर येण्याजोगी. आजूबाजूची हाडं मात्र एक्स-रेवर फिकट दिसत होती, कारण अंड्यांच्या टरफलासाठी तिने स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम उपसलं होतं. ती नाचत नव्हती. बाल्कनीच्या फरशीत माती शोधत होती. मादी कासव मागच्या पायांनी खड्डा करून अंडी घालते. माती मिळाली नाही तर काही माद्या अंडी अडवून धरतात.

कागद

त्याच एक्स-रेने कागदाचाही निकाल लावला.

बिलावर ‘सल्काटा’ असं लिहिलेलं. सल्काटा हे आफ्रिकेतलं, सहाराच्या दक्षिणेकडचं कासव. रंग वाळूसारखा, पुढच्या पायांवर मोठमोठे काटेरी खवले. ते प्रचंड वाढतं. पूर्ण वाढलेला नर पन्नास किलोंच्याही पुढे जातो. मादी अंड्यांवर येते तेव्हा तिचं कवच फूटभराहून मोठं झालेलं असतं. सव्वा किलोचं, साडेसतरा सेंटिमीटरचं सल्काटा अंड्यांवर येणं शक्य नाही. आणि बाळीच्या पाठीवर, काळपट प्रत्येक खवल्याच्या मध्यातून पिवळ्या रेघा चांदणीसारख्या फाकलेल्या होत्या. पोटाकडच्या कवचावरही त्याच रेघा. ही भारतीय तारा कासव. नैसर्गिक घर गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, दक्षिणेत आंध्र, कर्नाटक, तामिळनाडू आणि पलीकडे श्रीलंका.

हे मला ऑक्टोबरमध्येच दिसलं होतं. म्हणजे डोळ्यांना दिसलं होतं. त्यावर पुढे येते.

तारा कासव पाळणं भारतात बेकायदेशीर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पूर्वी अनुसूची ४ मध्ये होतं. तेव्हाही ते पकडणं आणि विकणं गुन्हाच होता. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ते अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षणाच्या यादीत गेलं. त्यात शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड. आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारातही २०१९ च्या जिनिव्हा बैठकीत ते दुसऱ्या परिशिष्टातून पहिल्यात नेलं गेलं. चोरट्या व्यापारात या कासवांची जी अवस्था होते, ते बघता यातलं काहीच जास्त नाही.

आता ती छायाप्रत. तिच्यामागे थोडी खरी गोष्ट आहे, म्हणून माणसं फसतात. परदेशी जातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये स्वेच्छेने माहिती देण्याची सोय केली. पुढे २८ फेब्रुवारी २०२४ ला नोंदणीचे नियम आले. साइट्समधल्या परदेशी जातींचे जे प्राणी आधीपासून घरात आहेत त्यांची सहा महिन्यांत केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या ऑनलाइन पोर्टलवर नोंद करायची, आणि नंतर आणलेल्यांची तीस दिवसांत. नेमक्या त्याच उन्हाळ्यात दुकानदाराने जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावून ‘नोंदणी करून देतो’ म्हणून पैसे घेतले.

मी तो कागद वाचला, खरोखर ओळ न् ओळ. नाव तिसऱ्याच माणसाचं. जिल्हा वेगळा. जात सल्काटा, संख्या २. ओळख पटवायला चिप नाही, खुणेचं वर्णन नाही. म्हणजे नोंदणी कदाचित खरीही असेल, पण दुसऱ्या कुणाच्या तरी दोन आफ्रिकन कासवांची. बाळीचा त्या कागदाशी काहीही संबंध नव्हता. आणि बाळीच्या नावाने नवी नोंदणी करू म्हटलं, तर तो रस्ता परदेशी जातींसाठी आहे. अनुसूची १ मधल्या आपल्याकडच्या वन्यप्राण्यासाठी नाही.

मुलाने फोनवर आणखी एक विचारलं, ‘पूर्वी मालकी प्रमाणपत्र मिळायचं म्हणे?’ बरोबर आहे. २००३ मध्ये लोकांकडे असलेले वन्यप्राणी आणि त्यांच्या वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती. २०२१ मध्ये विकत घेतलेल्या कासवाला त्याचा उपयोग शून्य.

ब्रिटनमधली गोष्ट वेगळी आहे, हे नातीला समजावायला वेळ लागला. तिथे बंदिस्त जागेत पैदास केलेलं हर्मन कासव (भूमध्य सागराकडची एक जात) रीतसर विकत घेता येतं. विक्रीसाठी त्याच्या नावाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर सहसा चिपचा क्रमांक असतो. चिप वाचायच्या यंत्रावर तोच क्रमांक आला तर कागद त्या जनावराचा. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांनी कासव घेताना हेच तपासावं. पण आपल्याकडच्या तारा कासवाला तसं प्रमाणपत्र असूच शकत नाही, म्हणून ‘कोणता कागद लागेल?’ हा प्रश्नच तिथे संपतो.

कोणते पर्याय होते

त्या संध्याकाळी मुलगा ऑफिसमधून थेट दवाखान्यात आला. मी तिघांना बसवून सगळं सरळ सांगितलं. आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनीच पहिला पर्याय सांगितला, ‘नदीवर सोडून येऊ. नाहीतर देवळाच्या तळ्यात. तिथे खूप कासवं आहेत.’

हा पर्याय मी सगळ्यांत जोरात खोडून काढला, कारण भल्या मनाने केलेल्या या गोष्टीने तारा कासवं मरतात. तळ्यातली कासवं पाण्यातली. त्यांच्या पायाला पडदे असतात. तारा कासव जमिनीवरचं, त्याचे पाय हत्तीच्या पायासारखे खांबाचे. त्याला पोहता येत नाही. तळ्यात सोडलं तर ते बुडतं. कोरड्या माळावर सोडलं तरी प्रश्न सुटत नाही. घरात वाढलेल्या कासवाबरोबर रोग जंगलात जातात, आणि उत्तरेचं कासव दक्षिणेत गेलं की तिथल्या जातकुळीत भेसळ होते.

मुलाच्या मनात होतं दुकानदाराला परत करायचं. मी विचारलं, ‘तो काय करेल?’ तो म्हणाला, ‘दुसऱ्याला विकेल.’ पुढे त्यानेच मान हलवली. गावाकडच्या चुलतभावाच्या शेतावर ठेवायचं, हा तिसरा विचार. त्यात फक्त बेकायदा ताबा एका घरातून दुसऱ्या घरात जातो, आणि वाटेतली वाहतूक हा वेगळा गुन्हा.

गुपचूप घरातच ठेवायचं, हा पर्याय कुणी तोंडाने बोललं नाही, पण तो खोलीत होता. मी त्यांना सांगितलं की उपचार मी करेन, पण या पर्यायात मी त्यांच्यासोबत नसेन.

उरला वनविभाग. भीती तिथेच होती. ‘आम्हाला अटक करतील का?’ हा प्रश्न सूनबाईंनी फोनवरून विचारला. खोटा दिलासा देणं मला बरोबर वाटलं नाही. स्वतःहून प्राणी जमा करणाऱ्याला कायद्याने सूट मिळेलच, अशी हमी नाही. पण स्वतःहून, सगळे कागद घेऊन, कुठून घेतलं ते सांगत जाणं आणि कुणीतरी तक्रार केल्यावर छाप्यात सापडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओळखीच्या वकिलांशी एकदा बोला, असं मी सुचवलं. ते त्याच रात्री बोलले. वकिलांनीही हेच सांगितलं.

काय केलं

माझ्यापुढे एक निर्णय होता: उपचार आधी की वनविभागाला कळवणं आधी. बाळीला त्या रात्रीच मदत लागणार होती. मी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवलं. पाणी हनुवटीच्या खाली राहील इतपतच. रात्रीसाठी खोक्यात उबेचा दिवा दिला, कारण त्या आठवड्यात रात्री चांगलंच गार होतं. अंडी बाहेर काढणारं ऑक्सिटोसिन मात्र दिलं नाही. अंडी आकाराने ठीक होती, मादीला ताकद कमी होती आणि माती मिळाली तर ती स्वतःहून घालेल असं मला वाटलं. कॅल्शियम भरून निघायच्या आधी ते औषध देणं म्हणजे दमलेल्या बैलाला आसूड मारणं.

सकाळी मुलाने वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन केला. त्यांनी रेंज ऑफिसशी जोडून दिलं. आम्ही आधीच सांगितलं की जनावर आजारी आहे, दवाखान्यात आहे आणि आम्ही स्वतःहून हलवणार नाही. दुपारी वनपाल आणि एक वनरक्षक आले. मुलाने वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज तयार ठेवला होता, दोन प्रतींत. कासव कधी, कुठून, किती रुपयांना घेतलं, ते तारा कासव आहे हे कधी कळलं, आणि ते जमा करायचं आहे. सोबत बिल, ती छायाप्रत आणि चार हजार रुपये पाठवल्याची फोनवरची नोंद. माझ्याकडून एक्स-रे, उपचाराचा कागद आणि वजनाची वही.

पंचनाम्यात ‘तारा कासव, मादी, १’ असं लिहून झाल्यावर मी अंड्यांचा उल्लेख करायला सांगितलं. कायद्यात ‘प्राणी’ या शब्दात पिल्लं आणि अंडीही येतात. नंतर चार अंडी निघाली आणि कागदावर नसली, तर विनाकारण घोळ झाला असता. वनपालांनी ते लगेच लिहून घेतलं.

मुलाचा जबाब झाला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मिळाली. वनरक्षकाने खोकं गाडीत ठेवताना आजींनी विचारलं, ‘जास्वंद देतील का हो तिला?’ तो म्हणाला, ‘सांगतो मी, आजी.’ वहीच्या मागच्या पानावर त्याने ते लिहूनही घेतलं.

परिणाम

बाळीला वनविभागाच्या परवानगीने चालणाऱ्या एका उपचार केंद्रात नेलं. तिथे तिला फूटभर खोल ओलसर माती भरलेला हौद दिला. चौथ्या रात्री तिने तीन अंडी घातली. चौथं अडकलं, तेव्हा तोवर कॅल्शियम भरलेलं असल्याने तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिटोसिन दिलं आणि तेही निघालं. लहानपणापासून एकटीच वाढलेली असल्याने अंडी फळलेली नसावीत, असा आमचा अंदाज होता. त्यांतून पिल्लं आली नाहीत.

अंडी घातल्यावर तिचं वजन ११८६ ग्रॅम भरलं.

ऑगस्टमध्ये ते ११९० होतं. चार महिन्यांत वहीतला आकडा १२० ग्रॅमने वाढला, घरात सगळे खूश झाले, मी ऑक्टोबरमध्ये मान डोलावली, आणि बाळी स्वतः त्या काळात एक ग्रॅमही वाढली नव्हती. जे वाढलं ती चार अंडी होती, एकेक तीसेक ग्रॅमचं. हाडं तर उलट रिकामी झाली होती.

दोन महिन्यांनी केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलले. गवत, दूर्वा, शेवग्याचा पाला, निवडुंगाची पानं आणि जास्वंद असा आहार, वरून समुद्रफेनाची पूड, आणि मोकळं ऊन. पोटाकडच्या कडा टणक होत होत्या. पाठीच्या खवल्यांवर आलेले उंचवटे तसेच राहतील. या जातीत थोडे उंचवटे मुळातच असतात, पण बाळीचे त्याहून जास्त आहेत आणि ते मागे जात नाहीत. तिला पुढे कुठे ठेवायचं तो निर्णय वनविभागाचा.

मुलाला आणखी एकदा जबाबासाठी बोलावलं. त्याच्यावर हे लिहीपर्यंत काही कारवाई झालेली नाही. दुकानाची चौकशी सुरू झाली आणि त्या चौकशीत बिलाचं ते पान आणि पैसे पाठवल्याची नोंद कामाला आली. फाइल जपून ठेवायची मुलाची सवय अशी उपयोगी पडली.

आजी दोन आठवडे बाल्कनीत गेल्या नाहीत. मी त्यांना फोन करत राहिले. तीन वर्षं ज्या जिवाला रोज हाताने भरवलं, तो ‘मुद्देमाल’ म्हणून गाडीत जाताना बघणं सोपं नसतं, आणि त्यांच्याकडून चूक झाली म्हणून ते दुःख कमी होत नाही. नातीला केंद्राने भेटायची परवानगी दिली नाही. नियम तसा आहे, आणि त्यामागचं कारण मला पटतं. वजनाचे आकडे मात्र डॉक्टर तिला अधूनमधून कळवतात. ती ते नव्या वहीत लिहिते.

काय वेगळं करता आलं असतं

घरच्यांच्या बाबतीत एकच गोष्ट सांगेन. दुकानात ‘चालतं ना?’ असं विचारण्याऐवजी जातीचं नाव विचारून, फोटो काढून, घरी येऊन इंटरनेटवर तारा कासवाचा आणि सल्काटाचा फोटो शेजारी ठेवला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. पाठीवरच्या चांदण्या लपवता येत नाहीत. बाकी त्यांनी जे केलं ते बहुतेक माणसं करतात त्याहून जास्त जबाबदारीने केलं.

वजनाची वही उत्तम होती, पण तिच्यात आकड्याशेजारी आणखी दोन रकाने हवे होते: त्या आठवड्यात काय आणि किती खाल्लं, आणि वागण्यात काय बदल. नोव्हेंबरच्या रकान्यात ‘खाणं कमी’ आणि ‘फरशी खरवडते’ असं लिहिलेलं असतं, तर १२६२ हा आकडा बघून कुणालाही आनंद झाला नसता. एक महिना आधी मातीचा हौद मिळाला असता.

माझी चूक यापेक्षा मोठी आहे. ऑक्टोबरमध्ये बाळी माझ्या टेबलावर होती. तेव्हाच ती तारा कासव आहे हे मला ओळखू आलं होतं. मी बोलले नाही. समोर आजी होत्या, दवाखान्यात गर्दी होती, आणि ‘आपलं काम नखं कापायचं’ अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या दिवशी बोलले असते तर पोटात अंडी तयार व्हायच्या आधी, थंडी सुरू व्हायच्या आधी, हाडं इतकी रिकामी व्हायच्या आधी ती योग्य जागी पोचली असती. मादी आहे हेही त्याच दिवशी बघता आलं असतं. शेपूट आखूड, पोटाकडचं कवच सपाट. प्रौढ मादी म्हटल्यावर ‘अंडी घालायला माती आहे का?’ हा प्रश्न ओघाने आला असता.

आता माझ्याकडे कासव आलं की काट्यावर ठेवायच्या आधी जात आणि लिंग लिहिलं जातं आणि कागद मागितला जातो, मग ते नखं कापायला आलेलं का असेना. कागद असेल तर तो जनावर समोर ठेवून वाचते: नाव, जात, संख्या, खूण. वन्यजीव कायद्यातलं कासव असेल तर त्याच भेटीत घरच्यांना सांगते आणि १९२६ लिहून देते.

ऑक्टोबरचं बाळीचं केसपेपर मी अजून ठेवलं आहे. वजनाच्या रकान्यात १२१८ आहे, ग्रॅमपर्यंत बरोबर. जातीच्या रकान्यात मी फक्त ‘कासव’ असं लिहिलं होतं.